ओला बोळा

तेलावरच्या हीटरची धुराची नळी साफ करणं हे काही मोठं काम नव्हे. हात काळे होतात, नाकात काजळी जाते, घरी आल्यावर कपडे दाराबाहेर काढावे लागतात, एवढंच. नळीमामानं चाळीस वर्षं हेच केलं होतं. नदीच्या धक्क्याला ज्या राहत्या होड्या बांधलेल्या असत, त्यांतल्या बहुतेकींच्या पोटात त्याचा हात कधी ना कधी कोपरापर्यंत जाऊन आला होता. म्हणून सगळे त्याला नळीमामा म्हणायचे. सख्खा जावईसुद्धा मामाच म्हणायचा. त्यामुळे तो नात्यानं हाक मारतोय की कामासाठी, हे मामाला त्याचा चेहरा बघून ठरवावं लागे.

त्या दुपारी तो लेकीकडे निघाला होता. लेक आणि जावई तीन दिवसांपूर्वी खोली सोडून एका जुन्या होडीवर राहायला आले होते. जावई दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि त्याला होडीचं भारी वेड. नदीच्या वरच्या अंगाला कुठंतरी पडून होती, तिथून त्यानं ती आणली, स्वतःच्या हातानं तपकिरी रंगवली आणि धक्क्याच्या अगदी शेवटच्या खुंटाला बांधली. लेकीला सातवा महिना होता. थंडी उतरायला लागली होती. मामाला चार दिवस दुसरीकडचं काम सुटलं नव्हतं, म्हणून त्यानं बजावून ठेवलं होतं की मी येऊन नळी बघेपर्यंत हीटर पेटवायचा नाही. जावयानं मान डोलावली होती. पण जावई रेडिओवरच्या गाण्यालाही तशीच मान डोलवायचा.

पिशवीत तारेचा ब्रश होता, टॉर्च, पकड, थोड्या चिंध्या आणि एक बोंबल्या. बोंबल्या म्हणजे साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा. आत बॅटरी, पुढं बारीक भोकांची जाळी. हीटरचा विषारी वायू खोलीत साठला की तो कानठळ्या बसतील असा ओरडतो. दुकानात त्याला लांबलचक नाव आहे, धक्क्यावर मात्र बोंबल्याच. त्याची गरज अशी, की त्या वायूला रंग नाही, वास नाही, घशाला खवखव नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गाल लाल होतात. माणसाला वाटतं, जरा पडावं. आणि पडतो तो पडतोच. मामा सगळ्यांना सांगायचा, घाण वासाला भिऊ नका, घाण वास बिचारा भला असतो, सांगून येतो.

धक्क्याच्या तोंडाशी मुकादमाची छपरी होती. मुकादम म्हणजे होड्या कुठं बांधायच्या ते सांगणारा माणूस, मामाच्याच वयाचा, लहानपणापासूनचा मित्र. दोन कोट एकावर एक घालून तो उघड्या दारात बसला होता. सात हिवाळे झाले, त्यानं छपरीत विस्तव म्हणून पेटवला नव्हता. का, ते धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी विचारत नसे. त्याचा जबडा नेहमीसारखा हलत होता. तंबाखूची सवय त्याला उतारवयातच लागली होती, आणि लागली ती अशी की सकाळपासून तोंड रिकामं नाही. आवाज पण ओला, चपचप असा. मामाला ते बघवत नसे.

लेकीकडे निघालास का, असं मुकादमानं विचारलं. मामा हो म्हणाला. मुकादम नदीकडे तोंड करून थुंकला आणि एवढंच म्हणाला, "नीट बघ."

होडीवर पाय ठेवला तेव्हाच मामाच्या लक्षात आलं की फळ्या कोमट आहेत. म्हणजे हीटर चालू होता. दार ढकलून तो आत गेला आणि जागीच थबकला. आत कसला तरी वास होता. तेलाचा नव्हे, काजळीचा नव्हे. सकाळी उठल्यावर चूळ न भरता कुणी अगदी नाकाशी येऊन बोलावं, तसला. कोमट, आंबट, तोंडाचा वास.

लेक पलंगावर आडवी झाली होती. गाल लाल गुंज. डोकं ठणकतंय बाबा, म्हणाली, सकाळपासून दोनदा ओकले, पण या दिवसांत व्हायचंच. जावई ब्रश धुता धुता म्हणाला की मामा, थोडाच वेळ लावलाय, तिला हुडहुडी भरली होती.

मामा चिडणारा माणूस नव्हता. त्यानं आधी खटका बंद केला, मग सगळ्या खिडक्या उघडल्या, मग लेकीला धरून बाहेर आणून धक्क्यावर बसवलं आणि तिच्या अंगावर घोंगडी घातली. मग जावयाला शांतपणे सांगितलं, की हा वायू आईच्या आधी पोटातल्या बाळाला धरतो. जावयाचा चेहरा उतरला. त्यानं मान डोलावली नाही, तेव्हा मामाला कळलं की या वेळी ऐकलं.

मग तो होडीच्या नदीकडच्या बाजूला गेला. तिथं कडेला एक अरुंद फळी असते. तिच्यावर पालथं झोपून हात खाली सोडला की नळीचं तोंड लागतं, पाण्यापासून वीतभर वर. धूर तिथून बाहेर पडायला हवा. त्यानं हात सोडला. बोटांना पितळेची कडी लागली, कडीच्या आत मऊ काहीतरी लागलं.

नळी बुजलेली होती. धूर बाहेर जात नव्हता, मग तो आतल्या सांध्यांतून परतून होडीतच पसरणार. मामाला वाटलं, पाखरानं घरटं केलं असेल. त्यानं चिमटीत धरून ओढलं.

ते सहज आलं नाही. आतून कुणी ओठांनी धरून ठेवावं तसं थोडं अडलं, मग पचकन सुटलं. चिंधीचा बोळा होता. चिंब ओला. नदीचं पाणी असतं तर गार असतं. हे ऊन होतं. बोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंत जाड, चिकट तार लोंबत राहिली, ताणली गेली आणि त्याच्या मनगटावर येऊन पडली. चिंधी चघळून चघळून भाकरीच्या पिठासारखी लिबलिबीत झाली होती. तोच वास. आयुष्यभर त्यानं नळ्यांतून मेलेले उंदीर काढले होते आणि त्याच हातांनी चहा प्यायला होता, पण हे त्याला हातात धरवेना.

टाकून देणार, तेवढ्यात त्याला बटण दिसलं. चिंधीच्या टोकाला पांढरं बटण होतं, आणि ते लाल धाग्यानं लावलेलं होतं.

मग त्यानं अंगठ्यानं पितळेची कडी चाचपली. कडीवर कानशीचे तीन चरे होते. ते त्यानंच मारले होते. वर कितीही तपकिरी रंग चढवला तरी ही होडी त्याच्या ओळखीची होती.

सात हिवाळ्यांपूर्वी ही होडी पांढरी होती आणि हिच्यात शिवणताई राहायची. ती मुकादमाची थोरली बहीण. दिवसभर शिवणयंत्रावर बसायची. बोलता बोलता दातांनी धागा तोडायची आणि तुटलेली टोकं थुंकायची नाही, तोंडातच चघळत बसायची. हसली की दातांत लाल निळे धागे दिसायचे. मामाच्या निळ्या चौकड्याच्या सदऱ्याचं बाहीचं बटण तुटलं, ते तिनंच लावून दिलं होतं. पांढरा धागा संपला होता, म्हणाली, लाल चालेल ना रे? लावून झाल्यावर तिनं धागा दातानं तोडला तेव्हा बाहीला तिची लाळ लागली होती, आणि मामानं ती तिच्या नकळत पुसली होती.

होडीची बाजू रंगवायची असली की नळीच्या तोंडात बोळा कोंबतात, रंग आत जाऊ नये म्हणून. पण बोळा विसरला तर घात होतो. म्हणून धक्क्याचा रिवाज असा, की बोळ्याला दोरी बांधायची, ती खिडकीतून आत घ्यायची आणि दुसरं टोक हीटरच्या खटक्याला गुंडाळायचं. मग हीटर लावायला कुणीही गेलं तरी हाताला आधी दोरी लागते. हा रिवाज नव्या लोकांना शिकवायचा तो मामाच.

त्या दिवशी शिवणताईची होडी रंगवायची होती. मामानं त्या सदऱ्याची फाटकी बाही फाडली, तिचा बोळा केला आणि कोंबला. दोरी घेऊन आत गेला, तर ताई यंत्रावर डोकं टेकून झोपलेली. खटक्यापर्यंत जायचं तर तिला उठवावं लागलं असतं. त्याच्या जिवावर आलं. रंग वाळला की संध्याकाळी बोळाच काढू, असं म्हणून तो दुसऱ्या होडीवर गेला. तिथं काम लांबलं. आणि मग तो विसरला. असा साधा विसरला, जसा माणूस छत्री विसरतो.

संध्याकाळी गार वारा सुटला. मुकादम बहिणीकडे गेला, ती कुडकुडत होती, त्यानं स्वतःच्या हातानं हीटर लावून दिला आणि दार ओढून घेतलं. सकाळी ती पलंगावर होती, गाल लाल, जणू कुणी थट्टा केली म्हणून लाजलेली. माणसं आत रडत असताना मामानं बाहेरच्या बाजूनं हात सोडून बोळा काढला आणि खिशात घातला. मग लोक म्हणाले, हीटर जुना झाला होता. मुकादम म्हणाला, मी लावला. तो तेच म्हणत राहिला, मी लावला, मी लावला, आणि मामा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

पुढं ती होडी कुणी वरच्या अंगाला घेऊन गेलं. बोळा मामानं पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवला होता. फेकवत नव्हता. जाळायचा तर धूर होणार, तो धूर त्याला नको होता.

"काय निघालं, मामा?" जावयानं वरून विचारलं.

मामाची मूठ खिशात गेली. "पाखराचं घरटं," तो म्हणाला.

नळी त्यानं ब्रशनं घासून लख्ख केली. सांधे आवळले. हीटर लावून तासभर बसला. धूर बाहेर नीट जात होता. बोंबल्या त्यानं पलंगाच्या उशाशी, झोपलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर बसवला, बटण दाबून दोनदा ओरडवून दाखवला. लेक कान झाकून हसली, म्हणाली बाबा, याचा आवाज अगदी गावाकडच्या आत्यासारखा आहे. तिला आता बरं वाटत होतं. मामानं सांगितलं, आता लावा हीटर, हरकत नाही. त्याला तिला म्हणता आलं असतं, इथं राहू नकोस. पण मग तिनं का म्हणून विचारलं असतं.

वाटेत त्यानं खिशातला बोळा नदीत फेकला. घरी येऊन माळ्यावरचा डबा काढला. डबा गंजून घट्ट बसला होता, पकडीनं झाकण उघडावं लागलं. आत बोळा नव्हता. तळाला दोन बोटं लाळ होती, फेसाळ, आणि ती अजून ऊन होती.

मामानं त्या दिवशी जेवण केलं नाही. नळी लख्ख आहे, उशाशी बोंबल्या आहे, असं तो रात्रभर स्वतःला सांगत राहिला. सकाळी उजाडता उजाडता तो धक्क्यावर गेला. धुकं इतकं होतं की होड्या दिसत नव्हत्या, नुसत्या पाण्यावर डुचमळताना ऐकू येत होत्या. छपरी रिकामी होती. शेवटच्या खुंटाशी मात्र कुणीतरी उभं होतं. जवळ गेल्यावर कळलं, मुकादम. होडीपासून चार पावलं लांब, दोन्ही कोटांत हात खुपसून, जबडा हलवत. तू इथं काय करतोस, असं मामानं विचारलं. मुकादम बाजूला सरकला.

मामानं दार वाजवलं. लेकीचं नाव घेतलं. जावयाचं घेतलं. आतून काहीच नाही. त्यानं खांद्यानं दार ढकललं.

वास अंगावर आला तो ओल्या फडक्यासारखा, तोंडावर बसला. दोघं पलंगावर होती. लेकीचे गाल लाल होते. त्यानं तिच्या काखेत हात घातले आणि खेचत बाहेर आणलं. सत्तरीचा माणूस, त्याला ती ताकद कुठून आली कोण जाणे. धक्क्यावरची थंड हवा लागल्यावर तिनं मोठ्यानं श्वास घेतला, कूस वळून ओकली आणि त्याचा हात घट्ट धरला. मुकादमानं धावत येऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं. मामा परत आत गेला. जावई चार पायांवर रांगत दाराकडे येत होता.

आणि तेव्हा मामाला तो आवाज आला. बारीक, घुसमटलेला, ऊं… ऊं… असा. पलंगाच्या उशाशी बोंबल्या होता. तो ओरडत होता. जीव तोडून ओरडत होता, पण त्याच्या जाळीच्या एकेका भोकात चघळलेले धागे ठासून भरले होते, लाल, निळे, पांढरे, आणि त्यांतून लाळ ओघळून उशीवर टपकत होती. ज्या उशीवर लेकीचं डोकं होतं, त्या उशीवर.

मामानं हीटर बंद केला. बाहेरच्या फळीवर पालथा पडला आणि हात खाली सोडला. त्याला ठाऊक होतं काय लागणार ते. बोळा होता. पण या वेळी त्यानं चिमटीत धरला, तेव्हा आतलं जे काही होतं त्यानं त्याची बोटं धरली. चावलं नाही. मऊ, निसरड्या हिरड्यांसारख्या कशानं तरी ती दोन बोटं आत ओढली, जिभेसारखं काहीतरी त्यांच्यावरून फिरलं, नखांशी थांबलं, आणि मग धागा तोडताना करतात तसा एक छोटासा, सरावाचा हिसका बसला. त्यानं बोळ्यासकट हात उपसून काढला. बोटं सुरकुतली होती, दिवसभर पाण्यात ठेवल्यासारखी.

शेजारच्या होडीवरच्यांनी बोलावल्यावर डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी लेकीला नळकांड्यातली हवा दिली, पोटाला नळी लावून ऐकलं, बराच वेळ ऐकलं. मामा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभा होता. शेवटी त्या म्हणाल्या, ठोके आहेत. चांगले आहेत. पण अजून अर्धा तास गेला असता तर असं म्हणता आलं नसतं. लेकीला दवाखान्यात नेऊन दिवसभर ठेवायला त्यांनी सांगितलं आणि गाडी बोलवायला त्या छपरीकडे गेल्या.

जावई आता उभा राहू लागला होता. त्यानं तो बोळा बघितला, बोंबल्या बघितला. हे कुणीतरी मुद्दाम करतंय, असं तो म्हणायला लागला. तीन दिवस झाले, रोज सकाळी तो म्हातारा आमच्या होडीशी येऊन उभा असतो. त्यानं होडी बांधायचा लोखंडी गज उचलला आणि मुकादमाकडे निघाला. मुकादम लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं गज येताना पाहिला आणि नजर खाली घातली, जणू याचीच तो सात वर्षं वाट बघत होता.

"थांब," मामा म्हणाला. "त्यानं काही केलेलं नाही."

"मग कुणी केलं, मामा?"

मामाला वाटलं, आता पुन्हा पाखराचं घरटं म्हणावं. शब्द ओठांवर आलेही होते. पण लेक त्याच्याकडे बघत होती, तोंडावर नळकांड्याचा मुखवटा, गाल अजून लाल. तो मुकादमासमोर ओल्या दगडांवर खाली बसला.

"बोळा माझा होता," तो म्हणाला. "ताईच्या वेळी. मी कोंबला… दोरी बांधली नाही. ती झोपली होती. सकाळी तुम्ही सगळे आत होतात, तेव्हा मी काढून घेतला… तू हीटर लावलास त्यात तुझं काही चुकलं नाही रे. तू मी लावला, मी लावला म्हणत होतास आणि बोळा माझ्या खिशात होता."

जावयानं गज खाली ठेवला, आवाज होऊ न देता. लेकीनं मुखवटा बाजूला केला.

"सात वर्षं, बाबा?" ती म्हणाली. एवढंच.

मुकादमाचा जबडा हलायचा थांबला होता. मामानं तो थांबलेला सात वर्षांत पहिल्यांदा बघितला. मुकादमानं तोंड उघडलं, दोन बोटं आत घातली आणि गालफडातून काहीतरी ओढून काढलं. ते लांबलं, पुन्हा लांबलं, त्याच्या घशातून खरखर करत वर आलं. त्याला उमासे येत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तो ओढत राहिला. निळ्या चौकड्याची पट्टी होती, कुजून काळी पडलेली. तंबाखू नव्हतीच. कधीच नव्हती.

"रोज सकाळी असतं," मुकादम म्हणाला. त्याचा आवाज इतका मोकळा झाला होता की ओळखू येईना. "थुंकलं तरी दुसऱ्या दिवशी असतं… मला वाटायचं, ताई मला भरवते. मी लावला म्हणून."

त्यानं मामाचा हात धरला, तळवा उघडला आणि ते लिबलिबीत, ऊन चिरगूट त्यात ठेवलं. मग एकेक करून मामाची बोटं मिटवली. रागानं नाही. कुणाची राहिलेली वस्तू परत करावी तसं.

त्याच दिवशी दुपारी मुकादमाच्या छपरीतून धूर निघाला. सात वर्षांनी त्यानं शेगडी पेटवली होती. दार मात्र उघडं ठेवलं होतं. धक्क्यावरची माणसं लांबून बघून गेली, कुणी जवळ गेलं नाही.

जावयानं ती होडी पाण्याबाहेर ओढून काढली आणि तोडली. फळ्या कुणाला दिल्या नाहीत. नळी कापली तेव्हा आतून कोरडी निघाली, कोरडी आणि स्वच्छ, मामानं ब्रश मारून ठेवली होती तशीच. दोघं परत खोलीत राहायला गेली. लेकीनं बापाशी बोलणं टाकलं. मामानंही तगादा लावला नाही. तो कामावर जायचा, दोरी बांधल्याशिवाय बोळा कोंबायचा नाही, बांधलेली दोरी चारदा तपासायचा. बोलायचा मात्र कमी. लोक म्हणायला लागले, नळीमामानं या वयात तंबाखू धरली. कुणाशी बोलायची वेळ आली की तो आधी तोंड फिरवून थुंकतो, तोंडाला हात लावतो, मग बोलतो. आणि मुकादम बघा, कसा टुणटुणीत झालाय, भर थंडीत एका कोटावर फिरतो.

मुलगी झाली. ठणठणीत, वजनदार, फुफ्फुसं अशी की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला बोंबल्याची गरज नाही. सव्वा महिन्यानं लेक तिला घेऊन आपणहून बापाच्या घरी आली. दारात क्षणभर उभी राहिली. मग आत आली आणि नात त्याच्या मांडीवर ठेवली.

मामानं ओठ घट्ट मिटून घेतले होते. बोलला असता तर वास आला असता. तो नुसता मान हलवत होता, डोळ्यांनी हसत होता, आणि गालाच्या आत ते ऊन, मऊ असं काहीतरी जिभेनं मागं रेटून धरत होता. लेकीला वाटलं, बाबांना भरून आलंय. ती पाणी आणायला आत गेली.

नात त्याच्याकडे टक लावून बघत होती. एवढ्याशा बाळाला धड दिसत नाही, म्हणतात. पण तिनं मूठ उचलली, त्याच्या ओठांच्या कोपऱ्यापाशी नेली आणि तिथं लोंबणारा लाल धागा पकडला.

मग ती हसली. अजून दात आलेले नव्हते, नुसत्या हिरड्या. तिनं धागा तोंडाशी नेला, हिरड्यांमध्ये धरला आणि एक छोटासा, सरावाचा हिसका दिला.